पंप, ठोकळा आणि मधलं पाणी: शेल फ्रॅक्चरिंगच्या नोंदी

३ जून

शेलचे, म्हणजे पापुद्र्यांसारखे थर असलेल्या दगडाचे, चार ठोकळे कापून आले एकदाचे. प्रत्येक बाजू २०० मिमी, एकेकाचं वजन २० किलोच्या आसपास. खरं तर पाच येणार होते, पाचवा करवतीखालीच थरावरून सुटला, सरळ दोन तुकडे, आणि सुटलेली बाजू इतकी सपाट की घासायचीही गरज नाही. वाईट वाटलं, पण या दगडाची कमकुवत जागा कुठे आहे ते त्या तुकड्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

काम काय आहे ते एकदा साध्या शब्दांत लिहून ठेवते, पुढे आकड्यांच्या गर्दीत हरवायला नको. जमिनीखाली दगडावर तिन्ही दिशांनी वेगवेगळा दाब असतो, तसाच दाब या ठोकळ्यावर द्यायचा, मधल्या भोकात द्रव ढकलत राहायचं, एका क्षणी दगड चिरतो, आणि आपल्याला बघायचंय की ती चीर थर ओलांडून वरखाली जाते की एखाद्या थरात शिरून आडवी पळते. प्रत्यक्ष विहिरीत हे दिसत नाही. १९४७ मध्ये कॅन्सासच्या ह्युगोटन गॅस फील्डमध्ये हा प्रकार पहिल्यांदा करून बघितला तेव्हापासून आजपर्यंत वर बसलेल्या माणसाच्या हातात मुख्यतः पंपाचं प्रेशर आणि खालून येणारे बारीक हादरे, एवढंच असतं. लॅबमध्ये मात्र ठोकळा नंतर उघडून बघता येतो, आणि मला या कामात सगळ्यात जास्त ओढ त्या उघडण्याचीच आहे.

वर्कशॉपमधले काका म्हणाले, "ताई, पाणी लावून भोक पाडू नका, पापुद्रे सुटतील याचे." बरोबर आहे त्यांचं. शेलमधली काही क्ले मिनरल्स (चिकणमातीची खनिजं), विशेषतः स्मेक्टाइट, पाणी पिऊन फुगतात. म्हणून पाण्याऐवजी कॉम्प्रेस्ड एअर, डायमंड बिट, आणि अगदी हळू. १० मिमीचं भोक ११० मिमी खोल न्यायला अख्खी दुपार गेली. थर आडवे, भोक उभं. झाल्यावर ठोकळे फिल्ममध्ये गुंडाळून वरून मेण लावलं, कारण हा दगड सुकला तरी तडकतो.

७ जून

पाचव्या ठोकळ्याचे तुकडे वाया घालवले नाहीत, त्यातून चकत्या काढून ब्राझिलियन टेस्ट केल्या. चकती व्यासावर दाबायची की ती मधोमध ओढीने फाटते, त्या लोडवरून टेन्साइल स्ट्रेंग्थ, म्हणजे ओढ सोसायची ताकद, काढायची. थरांच्या दिशेत ओढलं तर सरासरी ९ मेगापास्कल (हे दाबाचं एकक), थर एकमेकांपासून सोडवायला ओढलं तर ४. निम्म्याहून कमी.

आता दगड किती प्रेशरला फुटेल ते सांगणारं हबर्ट आणि विलिस यांचं १९५७ चं सूत्र लावलं. आपण उभा दाब १२, एका आडव्या बाजूने ८, दुसऱ्या बाजूने ४ मेगापास्कल देणार. चीर सगळ्यात कमी दाबाच्या विरुद्ध उघडते, म्हणजे इथे ती उभी यायला हवी, ४ वाल्या बाजूंकडे तोंड करून. फुटण्याचं प्रेशर लहान आडव्या दाबाच्या तिप्पट, वजा मोठा आडवा दाब, अधिक दगडाची ताकद: १२ वजा ८ अधिक ९, म्हणजे १३. आतल्या छिद्रांत द्रवाचा दाब धरलेला नाही.

आणि थर आडवा उघडायचा तर ढोबळमानाने उभा दाब १२ अधिक ४, म्हणजे १६. १३ हे १६ पेक्षा कमी, म्हणून उभी चीर आधी येईल. कागदावर तरी असंच आहे.

११ जून

सेन्सर. दाब देणाऱ्या पोलादी प्लेटांमध्ये खोबणी करून १६ पिझो सेन्सर बसवले, दगडात बारीक काही तडकलं की त्याचा आवाज हे पकडतात. आवाज म्हणजे आपल्या कानाच्या कितीतरी वरचा, शेकडो किलोहर्ट्झचा. प्लेट आणि दगडाच्या मधे ग्रीस लावलेलं पातळ टेफ्लॉन, नाहीतर घर्षणामुळे कडांजवळचा स्ट्रेस आपल्याला हवा तसा राहत नाही.

तपासायची रीत मला फार आवडते, क्लच पेन्सिलचं ०.५ मिमी लेड ठोकळ्यावर टेकवून मोडायचं. बस. तेवढ्या टिचकीने सोळाच्या सोळा चॅनेलवर लाट उमटते आणि दर वेळी जवळजवळ सारखीच उमटते. १४ चालले, दोन गप्प. एकाची वायर सैल होती, दुसरा बदलावा लागला.

लाटेचा वेग थरांच्या दिशेत ४.३ किमी प्रति सेकंद आणि थर ओलांडताना ३.४. १०० मिमी अंतराला एका दिशेने २३ मायक्रोसेकंद, दुसऱ्या दिशेने २९. हा फरक लक्षात न घेता आवाजाची जागा काढली तर ती सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर सहज चुकेल, आणि आपली चीर एकूणच आठ-दहा सेंटीमीटरची. सॉफ्टवेअरमध्ये एकच वेग भरायची जागा होती, ते बदलायला दोन दिवस लागतील.

१७ जून

दगडाच्या आधी अॅक्रिलिक. पारदर्शक ठोकळा, लाल रंग घातलेलं ग्लिसरीन, तीन बाजूंचा दाब नाही, नुसतं प्रेशर वाढवत गेलो. सर मुद्दाम थांबले होते बघायला. भोकाच्या तळाशी आधी काहीच नाही, मग एक केसाएवढी लाल रेघ, आणि मग ती रेघ नाण्यासारखी गोल पसरत गेली, कड अगदी धारदार, आणि कडेच्या पुढे एक बारीकसा कोरडा पट्टा, म्हणजे चीर द्रवाच्या जरा पुढे धावते हे डोळ्यांनी दिसलं. पुस्तकात किती वेळा वाचलंय हे. मी श्वास धरून उभी होते.

हबर्ट-विलिसनी त्या काळात जिलेटिनमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसचं पातळ मिश्रण सोडून हेच करून बघितलं होतं, मिश्रण घट्ट झालं की चिरेचा आकार तसाच जपला जायचा. किती साधी आणि किती नेमकी युक्ती.

ग्लिसरीन का आणि पाणी का नाही, हे विचारलं जातं म्हणून लिहिते. विहिरीत चीर शेकडो मीटर जाते आणि द्रव प्रचंड वेगाने ढकलतात, तिथे बहुतेक ऊर्जा द्रवाला अरुंद फटीतून पुढे रेटण्यात जाते, दगड फाडण्यात कमी. लॅबमध्ये चीर वीतभरही नाही, तिथे पाणी वापरलं तर उलटं होतं, सगळा खर्च दगड फाडण्यात आणि चीर क्षणात कडेपर्यंत. लहान ठोकळ्यात मोठ्या चिरेसारखं वागणं हवं तर द्रव दाट हवा. यासाठी एक बिनएककाचा आकडा काढतात, डायमेन्शनलेस टफनेस. तो १ च्या खाली असेल तर द्रवाचा दाटपणा ठरवतो, ३.५ च्या वर असेल तर दगडाची चिवटता. आपल्या ठोकळ्याला मिनिटाला १ मिली आणि एक मिनिट वेळ धरून पाण्याने तो ९ येतो, ग्लिसरीनने सव्वाच्या आसपास. अगदी हवा तसा नाही पण चालेल.

२४ जून

ठोकळा १. सकाळी दाब चढवले, तिन्ही बाजू सारख्या वाढवत आधी ४, मग दोन बाजू ८, मग उभा १२, तासभर तसंच ठेवलं. पॉलिकार्बोनेटची ढाल पुढे, चष्मे घातलेले, खोलीत फक्त तिघं. ग्लिसरीनमध्ये यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग. पंप मिनिटाला ५ मिली.

१३ गेलं, काही नाही. १६ गेलं, काही नाही. १८ ला सेन्सरवर तुरळक आवाज. २२.४ ला एकदम धप्प, आणि प्रेशर सरळ खाली, १४ वर. ग्राफ इतका सुंदर आला की पुस्तकात छापावा. सगळे खूश, मीही.

मग बाजूच्या प्लेटच्या फटीतून पिवळट ओल दिसली. चारही बाजूंनी. उभी चीर असती तर दोनच बाजूंनी दिसायला हवी होती.

२५ जून

उघडला. आडवी चीर. भोकाच्या तळाच्या कोपऱ्यातून निघून एकाच थरावरून चारही कडांपर्यंत, पाचवा ठोकळा करवतीखाली सुटला होता अगदी तसाच. उभ्या चिरेचा मागमूस नाही.

एक चूक आमची, पहिला काप पाणी लावून घेतला आणि रंग धुऊन गेला, थोडा भागच वाचला. पुढचे सगळे काप कोरडे, वायर सॉने, वेळ लागला तरी चालेल.

सर म्हणाले, "अगं ग्राफवर विश्वास ठेवला असता तर आपण २२.४ हे उभ्या चिरेचं ब्रेकडाउन प्रेशर (फुटण्याचं प्रेशर) म्हणून लिहून मोकळे झालो असतो." तेच डोक्यात घोळतंय. शिखर आलं, उतार आला, सगळं शास्त्रशुद्ध दिसलं आणि चीर भलतीच.

२६ जून

दिवसभर वहीवर गणित. दोन प्रश्न होते.

पहिला, १३ ऐवजी २२ का? याची कारणं तशी माहितीतली आहेत. भोक बारीक, आणि बारीक भोकाच्या कडेवरचा ताण दगडात लगेच विरतो, त्यामुळे दगड सूत्रापेक्षा जास्त सोसतो. द्रव दाट, तो भोकाच्या भिंतीत मुरत नाही, आणि १९६७ मध्ये हेम्सन आणि फेअरहर्स्ट यांनी दाखवलं की द्रव मुरला तर फुटण्याचं प्रेशर कमी होतं, इथे तो मुरतच नाही म्हटल्यावर तो फायदा गेला. वर पंपाचा वेगही जास्त. मग प्रेशर १३ वर न थांबता १६ च्या पुढे गेलं आणि १६ ला थर उघडायला तयारच होता, भोकाच्या तळाच्या धारदार कोपऱ्याने त्याला सुरुवात करून दिली. म्हणजे उभ्या चिरेला उशीर झाला म्हणून आडवी जिंकली.

दुसरा प्रश्न, ती इतक्या वेगाने कडेपर्यंत कशी गेली, आणि याचं उत्तर सापडल्यावर मी खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारल्या. पंप पाणी ढकलतो आणि ते पाणी ग्लिसरीनला ढकलतं, आणि पंपाच्या सिलेंडरमध्ये आणि नळ्यांमध्ये ३०० मिली पाणी होतं. पाणी दबत नाही असं आपण शाळेपासून म्हणतो पण ते दबतं, दर मेगापास्कलला दहा हजारात साडेचार भाग. प्रेशर २२.४ वरून १४ वर आलं, म्हणजे ८.४ ने उतरलं, त्यात ३०० मिली पाणी फुगलं १.१३ मिली, ग्लिसरीन धरून सव्वा मिली. आणि ८० मिमी त्रिज्येची चीर भरायला किती द्रव लागतो? सगळ्यात जास्त उघडीप २० मायक्रॉनच्या आसपास, घनफळ ०.३ मिलीसुद्धा नाही. चौपट द्रव आधीच दाबून तयार बसला होता, स्प्रिंगसारखा.

रेकॉर्डमध्ये उतार ०.२ सेकंदात झालाय. तेवढ्या वेळात पंपाने दिलं ०.०१७ मिली, आणि दगडाकडे गेलं सव्वा मिली. मिनिटाला ५ मिली असं मी लॉगशीटवर लिहिलंय, प्रत्यक्षात प्रवाह मिनिटाला ३७५ मिलीच्या हिशोबाने शिरला. टफनेसचं ते सूत्र, त्यात प्रवाह म्हणजे चिरेत शिरणारा प्रवाह, पंपाच्या स्क्रीनवरचा नव्हे. म्हणजे १७ तारखेचं माझं सगळं गणित बरोबर होतं आणि या ठोकळ्याला लागूच नव्हतं.

पंप आणि दगड यांच्या मधे जे काही आहे ते मोजल्याशिवाय पुढचा ठोकळा फोडायचा नाही, हे सरांना सांगितलं. ते हो म्हणाले.

३० जून

भोकाच्या जागी भरीव पोलादी ठोकळा लावून तोंड बंद केलं आणि पंप चालवला. दगड नाही, चीर नाही, जे काही आत जाईल ते फक्त द्रव दबण्यात आणि नळ्या फुगण्यात. दर मेगापास्कलला ०.१६ मिली. पाणी आणि ग्लिसरीनच्या हिशोबाने यायला हवं होतं ०.१५, उरलेलं नळ्या आणि सील.

सुरुवातीच्या २ मेगापास्कलपर्यंत रेघ सरळ नव्हती, वाकलेली होती, म्हणजे कुठेतरी हवा अडकलीय. व्हॅक्यूम लावून पुन्हा भरलं, वाक गेला. बुडबुडा डोळ्यांना कुठेच दिसला नव्हता.

५ जुलै

बदल केले. सिलेंडरमध्ये आता ४० मिलीच पाणी. ग्लिसरीनचा सेपरेटर (पाणी आणि ग्लिसरीन वेगळं ठेवणारं भांडं) छोटा, २० मिली. नळ्या आखूड आणि जाड भिंतीच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोकाच्या तोंडाशीच नीडल व्हॉल्व्ह, जेमतेम उघडा, म्हणजे मागे साठलेला द्रव एकदम घुसू शकत नाही, त्याला त्या बारीक वाटेतूनच यावं लागतं. व्हॉल्व्हच्या पुढे दुसरं प्रेशर ट्रान्सड्यूसर, म्हणजे प्रेशर मोजणारा सेन्सर. मागचं प्रेशर पंपाचं, पुढचं दगडाचं, दोन्ही वेगळी दिसतील. पोलादी ठोकळ्यावर पुन्हा मोजलं, दर मेगापास्कलला ०.०३ मिली. पाचपट कडक झाली सिस्टीम.

६ जुलै

ग्लिसरीनची बाटली झाकण सैल राहून आठवडाभर तशीच होती. हवा दमट. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं हे माहीत असूनही व्हिस्कॉसिटी (दाटपणा) मोजायची माझ्या मनात नव्हती, ज्युनिअरने आग्रह धरला, "ताई एकदा बघूया ना." २० अंशाला शुद्ध ग्लिसरीनची १.४ पास्कल-सेकंद असते, आपल्या बाटलीची आली ०.५२. म्हणजे त्यात ५ टक्के पाणी शिरलं होतं. १० टक्के शिरलं असतं तर ०.२२ वर आली असती. तिला मनापासून शाबासकी दिली. आता प्रत्येक टेस्टच्या दिवशी सकाळी मोजायची, तापमानासकट, कारण चार-पाच अंशांनीही आकडा बराच हलतो.

१५ जुलै

ठोकळा २ गेला. भोकातली पोलादी नळी इपॉक्सीने चिकटवतो, ते इपॉक्सी ८ मेगापास्कलला सुटलं आणि द्रव नळीच्या बाहेरून वर आला. शेलच्या भिंतीवर धूळ राहिली होती बहुतेक. यापुढे भोक अॅसिटोनने पुसून, वाळवून, मग नळीला आडव्या खाचा पाडून चिकटवायची, आणि इपॉक्सी पुरतं घट्ट व्हायला घाई न करता वेळ द्यायचा. दगड फुटला नाही पण आता तो वापरण्यासारखा राहिला नाही.

१८ जुलै

ठोकळा ३ ची तयारी, आणि यात एक नवी गोष्ट. काकांनी एक लांब दांडीची छोटी करवत बनवून दिली, तिने भोकाच्या भिंतीत दोन समोरासमोर उभ्या खाचा घेतल्या, प्रत्येकी ३ मिमी खोल, उभी चीर जिकडे जायला हवी त्या बाजूंना. खाच असली की चीर कमी प्रेशरला सुरू होते, मग १६ गाठायची वेळच येणार नाही. यावर बराच वाद झाला. एक म्हणणं असं की खाच पाडली म्हणजे आपण दगडाला उत्तर सांगितलं. मला ते पटत नाही. चीर सुरू कुठून होते हा आपला प्रश्नच नाही, थर आडवा आल्यावर ती काय करते हा आहे, आणि तिथे पोचण्याआधीच ती आडवी पळाली तर प्रश्न विचारताच येत नाही.

नळीचं टोक आणि भोकाचा तळ, दोन्ही कोपरे इपॉक्सीने गोल केले.

२२ जुलै

ठोकळा ३. दाब तेच, १२, ८, ४. ग्लिसरीन सकाळी मोजलं, २१ अंशाला १.३. पंप मिनिटाला ०.५ मिली.

आज शांतपणे लिहायचं ठरवलंय. दोन्ही प्रेशर बरोबरीने चढत होती, मागचं जरा पुढे. ९.८ ला पहिला आवाज, मग अर्धा मिनिट शांतता, मग एकेक करत. ११ नंतर आवाज सलग, आणि इथे पहिल्यांदा दोन रेघा एकमेकींपासून सुटायला लागल्या, मागची चढतेय आणि पुढची वाकतेय. म्हणजे चिरेत द्रव शिरायला लागला होता आणि शिखर अजून आलेलंच नव्हतं. शिखर १२.१ ला आलं. त्यानंतर पुढचं प्रेशर कोसळलं नाही, उतरत गेलं, हळूहळू, ३८ सेकंद. ठोकळा १ मध्ये हेच सगळं ०.२ सेकंदात उरकलं होतं. त्या ३८ सेकंदांत स्क्रीनवर आवाजांच्या जागांचे ठिपके उमटत होते, भोकाजवळून वर, मग खाली, मग दोन्ही बाजूंना, आणि खोलीत कोणी बोलत नव्हतं. कडेला पोचायच्या आत पंप बंद केला, व्हॉल्व्ह मिटला.

बंद केल्यावर प्रेशर उतरताना रेघेचा उतार ४.३ जवळ बदलला, तिथे चीर मिटली असं धरतो. आपण त्या बाजूने ४ दिले होते. बाहेर कुठेही ओल नाही.

घरी गेल्यावर झोप आली नाही, चांगल्या अर्थाने.

२४ जुलै

दोन्ही दिशांचे वेग वेगवेगळे धरून आवाजांच्या जागा काढल्या. ६०० च्या वर घटना पक्क्या बसल्या. एकच वेग धरून तीच गणना मुद्दाम करून बघितली तर ठिपक्यांचा जाड ढग येतो आणि तो वरखाली पसरट दिसतो, दोन वेग धरले की तोच ढग बारीक होऊन उभ्या पातळीत बसतो, ४ वाल्या दाबाच्या दिशेला काटकोनात, त्रिज्या ६० मिमीच्या आसपास. उभी चीर.

आता द्रवाचा हिशोब, जो आधी करताच आला नसता. पंपाने दिलेलं, त्यातून सिस्टीमने दाबून ठेवलेलं वजा केलं की व्हॉल्व्हमधून पुढे गेलेलं उरतं, ०.२४ मिली. ६० मिमी त्रिज्येच्या चिरेत मावतं ०.१४. मग ०.१० मिली कुठे गेलं? शेलची परमिएबिलिटी, म्हणजे द्रव आत मुरू द्यायची क्षमता, इतकी कमी की नॅनोडार्सीसारख्या सूक्ष्म एककात मोजावी लागते, एवढं दाट ग्लिसरीन एका मिनिटात त्यात मुरणं शक्य नाही. गळती नाही, सील दोनदा बघितले.

नकाशात एक गोष्ट खटकतेय, भोकाच्या खाली २६ मिमीवर ठिपके एकदम संपतात. वर तसं नाही, वर मधे ३१ मिमीवर थोडी विरळ जागा आहे पण त्यापुढे परत दाट. ज्युनिअर म्हणाली खालचे सेन्सर नीट चिकटले नसतील. पेन्सिलच्या नोंदी काढल्या, खालचे सगळे व्यवस्थित होते. माझा अंदाज, द्रव खाली एका थरात शिरलाय, आवाज न करता. उघडायच्या आधी इथे लिहून ठेवतेय.

२९ जुलै

कोरडे काप, २० मिमी जाडीचे, वायर सॉवर तीन दिवस. खोली अंधारी केली आणि यूव्ही टॉर्च लावला.

मधला काप. काळ्या दगडात हिरवट-पिवळी उभी रेघ, नखाच्या टोकाहून बारीक. वर चढत गेलीय, बारीक पट्ट्यांमागून पट्टे ओलांडत, आणि ३१ मिमीवर एका काळपट पट्ट्याशी थांबून ४ मिमी बाजूला सरकलीय, पायरीसारखी, आणि तिथून परत सरळ वर. ठिपके विरळ होते ती हीच जागा. आणि खाली २६ मिमीवर उलट्या टी सारखं, उभी रेघ थराला टेकते आणि संपते, रंग दोन्ही बाजूंना थरावरून पसरलाय, सलग तीन कापांत, लांबी ६० मिमीच्या आसपास. ६० बाय ६० चा तुकडा, २० मायक्रॉन उघडीप धरली तर ०.०७ मिली. उघडीप दाब काढल्यानंतर मोजून उपयोग नाही, ती बदललेली असते, म्हणून ०.०७ हा अंदाजच, पण ०.१० मधला बराचसा वाटा सापडला.

त्या आडव्या भागात सेन्सरने पकडलेल्या घटना किती? ७. उभ्या भागात ६०० च्या वर आणि इथे ७, जिथे उभ्या चिरेच्या निम्म्याएवढा द्रव गेला तिथे. एरवीही पंप जी ऊर्जा देतो तिचा अगदी किरकोळ भाग आवाज म्हणून बाहेर पडतो, आणि क्लेचं प्रमाण जास्त असलेला मऊ थर तर उघडताना जवळपास गप्पच राहतो. नुसता ठिपक्यांचा नकाशा बघितला असता तर मी म्हटलं असतं चीर खाली २६ मिमीवर थांबली. चीर थांबली हे खरं, पण द्रव थांबला नव्हता.

ब्लँटन यांनी १९८२ मध्ये डेव्होनियन काळातल्या शेलचे आणि हायड्रोस्टोनचे (जिप्समपासून बनवलेल्या कृत्रिम दगडाचे) ठोकळे असेच फोडले होते, आधीपासून असलेल्या फटींना चीर कशी भेटते ते बघायला, आणि निघालं होतं की दोन दाबांतला फरक मोठा आणि भेटीचा कोन मोठा असेल तरच चीर ओलांडून जाते, नाहीतर फटीत वळते किंवा तिथेच अडते. आपल्या ठोकळ्यात वरच्या आणि खालच्या थराला कोन तोच, ९०, आणि दाबही तेच. तरी वर ओलांडला, खाली अडली. मग फरक थरातच असणार. दोन्ही पट्ट्यांचे छोटे तुकडे मायक्रोस्कोपखाली पाठवतेय, खालच्या पट्ट्यात क्ले जास्त निघेल असं वाटतंय.

२ ऑगस्ट

मायक्रोस्कोपचं यायला वेळ आहे. तोवर ठोकळा ४ ठरवला. सगळं तसंच, फक्त उभा दाब १२ ऐवजी ९. म्हणजे थर उघडणं सोपं, आणि वरचा पट्टा ओलांडते की नाही ते कळेल, कारण हे ठोकळे एकाच मोठ्या दगडातून शेजारी शेजारी कापलेत आणि तो काळपट पट्टा ठोकळा ४ मध्येही बाहेरून दिसतो, खडूने खूण केलीय. थराची मर्यादा आता ९ अधिक ४ म्हणजे १३, आणि गेल्या वेळचं शिखर १२.१, अंतर फार थोडं उरतं. म्हणून खाचा ३ ऐवजी ५ मिमी घ्यायच्या, काकांना सांगितलंय. पंप मिनिटाला ०.३ मिली.

सेन्सर दोन वाढवले, दोन्ही खाली, भोकाच्या तळाच्या पातळीवर. इपॉक्सी उद्या सकाळी भरायचं. ग्लिसरीनची नवी बाटली आलीय, झाकण घट्ट लावून डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या भांड्यात, ठेवलीय.